नमस्कार करणारं बाळ

तेलकट डोक्याशी माझं वैर माझ्या नोकरीइतकंच जुनं आहे. ठाण्याला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मेंदूच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे मी ईईजी काढायचं काम करायची. ऐंशीच्या दशकात सुरुवात केली ती नव्वदचं दशक सरत आलं आणि कॉम्प्युटरवालं मशीन आलं तोपर्यंत. तोवर शाईची पेनं आणि घड्यांच्या कागदाची चळत हाच माझा दवाखान्यातला संसार होता. रोज डोंबिवलीला घरी परत यायची तेव्हा बोटांवर निळी शाई असायचीच. शेजारणी विचारायच्या, "अजून परीक्षेला बसताय की काय?"

ईईजी म्हणजे काय, हे त्या वेळी शिकल्यासवरल्या माणसांनाही सांगावं लागे. छातीचा काढतात तसा डोक्याचा कार्डिओग्राम, असं मी सांगून मोकळी व्हायची. मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक इशाऱ्यांनी एकमेकींशी बोलत असतात. ती कुजबुज कवटीबाहेर पोचते, पण अगदी क्षीण. चांदीच्या छोट्या वाट्या डोक्यावर फीतपट्टीने मोजून चिकटवायच्या, त्यांच्या वायरी मशीनला जोडायच्या, मग मशीन ती कुजबुज मोठी करून पेनांना देतं आणि पेनं ती पळत्या कागदावर काढत जातात. दुखत नाही, शॉक लागत नाही. अट एकच, डोकं कोरडं हवं. तेलावर वाटी धरत नाही.

आणि आपल्याकडे तर टाळू भरल्याशिवाय तान्हं पोर उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही! वेळ देतानाच मी बजावायची, "डोकं स्वच्छ धुऊन आणा, तेल लावू नका." माणसं इमानाने धुऊन आणायची आणि निघताना वर पळीभर खोबरेल थापायची.

"अहो, धुवायला सांगितलं होतं ना?"

"धुतलंय की, ताई!"

"मग हे काय?"

"हे होय? टाळूला वारं लागेल ना!"

शेवटी मी बेसिनपाशी पाणी तापवायची कांडी आणि शिकेकाईचा साबण आणून ठेवला आणि पोरांना स्वतःच न्हाऊ घालायला लागले. आमचे हे म्हणाले, "दवाखान्याच्या पाटीखाली आता 'येथे लहान मुलांना न्हाऊ घालून मिळेल' असंही लिहा."

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. एक रिटायर्ड मास्तर वाट्या लावताना डोळे घट्ट मिटून घ्यायचे, वाईट विचार कागदावर उमटू नयेत म्हणून. एका कॉलेजकुमाराने वडिलांना बाहेर बसवून मला हळूच विचारलं, "ताई, कोणी पोरगी वगैरे मनात असेल तर कळतं का यात?" एक बाई सुनेला घेऊन आल्या. सुनेला चक्कर येत होती, पण बाईंना वेगळंच हवं होतं. "हिच्या मनात काय शिजतंय ते येईल ना हो?" मी म्हटलं, "येत असतं तर मी पहिल्यांदा माझ्या सासूबाईंचा काढला नसता का?" सून झोपल्या झोपल्या हसली आणि आठच्या आठ पेनं एकदम उडाली.

शुक्रवारी वीज हमखास जायची, म्हणून त्या दिवशी मी लहान मुलं घेत नसे. तासभर खपून पोर झोपवावं आणि पेनं हलायला लागताच पंखा थांबावा, हे दुःख भोगलेल्यालाच कळेल. पण सगळ्यांत कडक नियम माझा नव्हता, धंद्याचा होता. ईईजी काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. कागद वाचून काय ते डॉक्टर सांगणार. पेनं काहीही काढोत, आपला चेहरा भाजी निवडणाऱ्या बाईचा हवा. कारण आईबाप कागदाकडे बघतच नाहीत, ते आपल्या तोंडाकडे बघतात.

टिटवाळ्याहून एक मुलगा आला होता, तीन वर्षांचा. तान्हा असताना त्याला विचित्र झटके यायचे. घरच्यांनी दचकणं म्हणून दृष्ट काढली, मुरडा म्हणून ओवा दिला. झटके पुढे आपोआप थांबले आणि घरात पेढे वाटले गेले. तो मात्र बसेना, बोलेना, आईला आई म्हणून ओळखेना. डॉक्टरांनी कागद बघितला आणि आईला शांतपणे सगळं समजावलं. ती गेल्यावर मला म्हणाले, "हा सहा महिन्यांचा असताना आला असता तर निदान प्रयत्न तरी करता आला असता." त्या आईने देवाला सोडून कुणालाच काही विचारलं नव्हतं असं नाही. तिने गावातल्या सगळ्यांना विचारलं होतं, पण त्यांतल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं. याची रुखरुख मला आजही आहे.

असं का होतं ते डॉक्टरांनीच मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं. मूल जन्मतं तेव्हा मेंदूतल्या पेशी बहुतेक तयार असतात, पण त्यांची आपसातली जोडणी व्हायची असते. पहिल्या एक-दोन वर्षांत ती झपाट्याने होते, लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त जोड तयार होतात. आईचा चेहरा रोज दिसतो, ते जोड पक्के होतात. हात खुळखुळ्याकडे जातो, ते पक्के होतात. जे वापरात येत नाहीत ते गळून पडतात. म्हणजे मूल काय बघतं, काय ऐकतं, काय करतं, त्यातून मेंदू आपली जोडणी ठरवत असतो. पण या झटक्यांच्या आजारात मेंदूत अष्टौप्रहर गोंधळ चालतो, झटका नसतानासुद्धा. मांडवाशेजारी ताशा बडवत असताना पोराला पाढे शिकवून बघा. शिकवणारा चांगला, पोर चांगलं, पण डोक्यात काय शिरणार? आणि शिकायचं वय तर तेवढंच असतं.

हे इतकं लांबण लावलं, कारण हरेशची गोष्ट सांगायची आहे.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं ते कुटुंब. आजी काशीबाय मार्केटात मासळी विकणारी, आवाज असा की दवाखान्याच्या जिन्यात पाय ठेवल्या ठेवल्या वरच्या मजल्यावर वर्दी पोचावी. सून हेमा, विशी-बाविशीची, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि आजीच्या कडेवर सात-आठ महिन्यांचा हरेश, अंगाने गुटगुटीत, टाळूवर अर्थातच ताजं खोबरेल. लस टोचायला नेलं असताना तिथल्या तरुण डॉक्टरने त्याचं काहीतरी बघितलं आणि चिठ्ठी देऊन आमच्याकडे धाडलं होतं. आजी आली होती, पण रागातच.

"बाय, हलू हात लाव हां. साधा पोर नाय हाय ह्यो," तिने मला बसायच्या आधीच सांगितलं.

"का हो? काय करतो?"

"नमस्कार करतो! सांजचे दिवा लावला का ह्यो झोपेतशी उठतो, आनी देवाम्होरं बसवला का वाकून नमस्कार करतो. येक नाय, धा-धा वेला. कोनी शिकवला नाय त्याला. आख्खा कोलीवाडा बगायला येतो. मागल्या जल्माचा कोन साधू असंल, सगली बोलतात."

तिने करून दाखवलं. मान एकदम खाली, दोन्ही हात पुढे येऊन जवळ, पोटातून वाकणं. मग सरळ, मग परत तसंच. मला टिटवाळ्याचा मुलगा आठवला. मी तोंड मात्र भाजी निवडणारंच ठेवलं.

"त्या डॉक्टरला काय कलतं? बोलतो, डोक्याचा फोटू काड. माज्या पोराचा नमस्कार बंद पारायला बगता काय?"

मी म्हटलं, "आजी, मी फक्त कागद काढते. चला, आधी डोकं धुऊया."

मी त्याला न्हाऊ घातलं, डोकं पुसलं, फीतपट्टीने मापं घेतली, स्पिरिटने एकेक जागा घासली, वाट्या चिकटवल्या. या वयाचं पोर एवढं करू देत नाही. ते रडतं, लाथा झाडतं, वायरी ओढतं, माझा चष्मा काढतं. माझ्या हातावर बाळनखांचे ओरखडे कायमचे असायचे. हरेश गप्प पडून राहिला. मी त्याच्यावर वाकले तरी नजर माझ्या तोंडावर येईना, माझ्यामागच्या भिंतीवर कुठेतरी लागलेली.

"बगला? किती गुनी हाय!" आजी म्हणाली. "तीन म्हैन्यांचा व्हता तवा लय हसायचा. आता कसा शांत झाला. कोनी घ्या, कुठं ठेवा, काय तक्रार नाय. ध्यानात असतो."

हेमाने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या डोळ्यांतली भीती मला समजली, आणि मला ती समजली हे तिलाही कळलं असावं. पण मला बोलायची मुभाच नव्हती.

नातेवाइकांना खोलीबाहेर बसवायची पद्धत होती. आजी हलायला तयार नव्हती. "मी थापटल्याबगर तो झोपायचा नाय." ते खरं होतं. तिने मासळी कापून कापून खरखरीत झालेल्या हाताने थोपटायला सुरुवात केली, आणि ज्या आवाजाने मार्केट हालायचं त्याच आवाजाने इतकं हळू काहीतरी गुणगुणली की मला मशीनचा आवाजही मोठा वाटायला लागला. पोर झोपलं. मी बटण दाबलं.

चांगल्या बाळाच्या झोपेचा कागद बघायला फार सुंदर असतो. मोठ्या संथ लाटा, आणि अधूनमधून बारीक, दाट रेघांचे झुपके, डावीकडे आणि उजवीकडे. इथे पहिल्या क्षणापासून प्रत्येक पेन आपापल्या तालावर. उंचच उंच रेघा, कशाला काही मेळ नाही. पेनं एकमेकांवर आपटायला लागली, शाई उडाली. मी आवाज कमी करतात तसं मशीनचं माप कमी केलं, तरी तेच. मला फार भीती वाटली. सवयीने मी कागदावर वेळ लिहीत राहिले.

थोड्या वेळाने हरेश जागा झाला. डोळे उघडले, क्षणभर गेला, आणि मान खाली, हात पुढे. नमस्कार.

त्याच क्षणी सगळी पेनं निपचित झाली. तो थयथयाट एकदम थांबला आणि जवळजवळ सरळ रेघा पळू लागल्या. मग परत थयथयाट. परत नमस्कार, परत सगळं सपाट.

आजीचं लक्ष बाळाकडे होतं. पण मशीनचा खडखड आवाज मध्येच बंद पडत होता, त्यामुळे तिने मान वळवली. "बंद झाला काय ह्यो? लाइट जेली?"

"नाही. लाइट आहे."

"मंग?"

मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "डॉक्टर सांगतील."

"तू सांग ना. तुना दिसतंय, मना म्हायती हाय."

मला सांगायचं नव्हतं. पण बघू द्यायचं नाही, असं काही नियमात नव्हतं. मी उठले, माझं स्टूल ओढलं आणि आजीला अशा जागी बसवलं की बाळही दिसेल आणि पेनंही दिसतील. "तुम्हीच बघा," म्हटलं.

हरेश वाकला. पेनं मेली. सरळ झाला. पेनं उसळली. वाकला. मेली. आजी एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती की देवाचं नाव घेत होती ते मला कळलं नाही. मग ती वर ट्यूबलाइटकडे बघायला लागली, खोलीभर बघायला लागली.

"हितं तर दिवा नाय," ती म्हणाली. "देव पन नाय. मंग ह्यो कोनाच्या पाया परतो?"

मी दार उघडलं आणि डॉक्टरांना हाक मारली. तपासणी चालू असताना मी हाक मारलेली त्यांना ठाऊक नव्हती. ते तपासत असलेला पेशंट सोडून आले.

आमचे डॉक्टर मोजकं बोलणारे. त्यांनी कागद बघितला, बाळ बघितलं, आणि सरळ आजीसमोर खुर्ची घेऊन बसले. "आजी, हा नमस्कार नाही. ही फिट आहे."

"फिट आयली का तोंडाला फेस येते. ह्याला कवा आला?"

"सगळ्या फिटांना फेस येत नाही."

"आनी देवाच्या टायमाला बराबर कशी येते?"

"झोपेतून उठल्यावर येते. तो संध्याकाळी उठतो. तुम्ही तेव्हाच दिवा लावता."

आजीने हरेशचे दोन्ही हात मुठीत धरून ठेवले. हेमा घाबरून तिच्याकडे बघत होती. डॉक्टरांनी पुढचंही लपवलं नाही. एका हार्मोनची इंजेक्शनं रोज मांडीत द्यावी लागतील, काही आठवडे. पोर सुजेल, किरकिर करेल, त्याला सर्दी-खोकल्यापासूनही जपावं लागेल. झटके थांबतील अशी आशा आहे, खात्री नाही. थांबले तरी राहून गेलेलं सगळं भरून निघेलच असं नाही. पण उपचार लांबवले तर रोज थोडं थोडं हातचं जाईल.

"येवढ्याशा पोराला रोज सुई?" आजी म्हणाली. "आनी लोकांना काय सांगू? सांजचे सगली येतात त्याच्या पाया पराला. काय सांगू, ह्यो साधू नव्हता, ह्यो आजारी व्हता?"

तिचं दुःख मला हास्यास्पद वाटलं नाही. घरात देव आला असं सगळ्या वस्तीने म्हणावं आणि चार महिन्यांनी कुणीतरी सांगावं की तो आजार आहे. कोण पटकन हो म्हणेल? घरी जाऊन विचार करतो, असं म्हणून अशी माणसं जायची आणि परत दिसायची नाहीत, हे मी बघितलं होतं. आजी उठलीच होती. तिने हरेशला कडेवर घेतलं, त्याच्या केसांत अजून माझा डिंक होता.

"आये, थांब," हेमा म्हणाली.

इतका वेळ कोपऱ्यात उभी असलेली पोरगी पुढे आली. "पाया परनारी मानसं कोलीवाड्यात रग्गड हायेत. मना तो माज्याकरं बगायला पायजे. चार म्हैने झाले, मी त्याला दूध पाजते न् तो भितीकरं बगतो."

आजीने सुनेकडे बघितलं. मग कडेवरच्या नातवाकडे. मग डॉक्टरांना म्हणाली, "कुठं टोचायचा ते दाखव. पन पयला आज. उद्या नको."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. हरेश उशिरा चालला, उशिरा बोलला. शाळेत मागे पडायचा, गणिताने त्याला कधीच माफ केलं नाही. पण तो शाळेत गेला, भांडला, पतंग उडवले, आजीच्या टोपलीतली सुरमई आणि घोळ ओळखायला शिकला. दर वर्षी तपासणीला यायचा तेव्हा मला न चुकता चिडवायचा, "मावशी, तुमचा गोंद लय घाण हाय." सगळीच मुलं इतकी सुदैवी निघाली नाहीत. त्याच्यानंतर आलेल्या काहींचे झटके थांबलेच नाहीत. म्हणून मी चमत्कार वगैरे शब्द वापरत नाही. वेळेवर आला, एवढंच म्हणते.

पण माझ्या सगळ्या नोकरीतला एक दिवस कुणी मला परत देणार असेल तर मी त्याच्या दुसऱ्या तपासणीचा दिवस मागेन.

इंजेक्शनं संपत आली होती. मधल्या काळात काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं, त्या वेळी फोन काय घरोघरी होते? सकाळपासून मी वहीतल्या वेळेकडे आणि दाराकडे बघत होते. येतील की नाही, आले तर कसा असेल. मग जिन्यात आजीचा आवाज आला आणि मला एकदम हायसं वाटलं.

हरेश ओळखू येईना. गाल इतके फुगलेले की डोळ्यांच्या फटी झालेल्या. वस्तीतले काही लोक आजीशी बोलेनासे झाले होते, सुयांनी देव पळवला म्हणून. ती सांगत होती, "बोलूं दे. मी पन बोलते त्यांना, मना काय तोंड नाय?" झटके दोन आठवड्यांत बंद झाले होते. पण झटके थांबणं वेगळं आणि आतला ताशा थांबणं वेगळं. ते कागदच सांगणार होता.

हेमाने त्याला टेबलावर ठेवलं. मी फीतपट्टी घेतली, चष्मा सारखा केला आणि नेहमीसारखी त्याच्यावर वाकले.

त्याने माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. कपाळाला बारीक आठी पडली. नजर माझ्या चष्म्यावरून हनुवटीवर, हनुवटीवरून परत डोळ्यांवर. मग खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, थरथरला, आणि त्याने असं भोकाड पसरलं की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. दोन्ही हात आईकडे पसरले. हेमाने उचलल्यावर तिच्या मानेत तोंड खुपसलं, एकदा चोरून मागे वळून मी अजून तिथेच आहे का ते बघितलं, आणि परत दुप्पट जोराने सुरू.

आजी ओशाळली. "बाय, रागावू नको गो. असा नव्हता ह्यो. आता परका मानूस दिसला का रडतो. शेजारनीला पन रडतो. लय हट्टी झाला."

हेमा त्याला घट्ट धरून हसत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. माझ्या हातातली फीतपट्टी गळून पडली ती उचलायचंही मला सुचेना.

आवाज ऐकून डॉक्टर दारात आले. "काय झालं? दुखलं का त्याला?"

"नाही डॉक्टर," मी म्हणाले. "मी त्याची कोणी नाही, हे त्याला कळलं."

डॉक्टर तिथेच उभे राहिले. बाहेर बाकं भरलेली होती, मशीन तापून तयार होतं. मी वाट्यांचा डबा उघडायला लागले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"राहू द्या जरा," ते म्हणाले. "रडू दे त्याला."